मारोतरावांची शिक्षा

"फेकू नको. एकबी कागद फेकू नको, मैना. राहू दे तारेले."

मारोतरावांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा आवाज मैनाबाईंच्या कानात पगाराच्या दिवशीसारखाच ताजा होता. सायकल भिंतीला टेकवायची, खिशातून चार घड्या केलेली पे-स्लिप काढायची, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या तारेच्या आकड्यात ती टोचायची आणि हातपाय धुवायला जाता जाता एवढंच म्हणायचं. भिलाईच्या पोलाद प्लांटची अडतीस वर्षांची नोकरी त्या तारांमध्ये ओवलेली होती. एक तार भरली की दुसरी. कागदांच्या कडा पिवळ्या पडल्या, घड्या विरल्या, पण एकही कागद घराबाहेर गेला नव्हता.

आता मात्र घरच बदलायचं होतं. मुलानं, राहुलनं, शेजारच्या दुर्ग शहरात, पद्मनाभपुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. कॅम्प-१ मधलं हे जुनं घर पंधरा दिवसांत रिकामं करायचं होतं. सून रमा पदर खोचून कामाला लागली होती आणि दारात कबाडीवाला ठेला लावून उभा होता.

"आई, त्या तारा द्या ना आता. पेपरच्या भावात घेऊन राहिला तो. अन् तारेचं लोखंडबी भरंल किलोभर."

"नाई व रमा. ते राहू दे."

"कावून पण? बाबा रिटायर होऊन बारा वर्षं झाले. पेन्शनचे कागद तर वेगळ्या पिशवीत हायेत."

"राहू दे म्हणलं ना, माय."

मैनाबाईंचा आवाज कधीच चढत नसे. पण त्या मऊ आवाजाच्या मागे भिंत असते, हे रमाला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. ती फुटके स्टूल ठेल्यावर ठेवायला लागली.

मैनाबाईंनी तारा उचलून आपल्या खाटेखालच्या पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं. कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या कागदांवर त्यांच्या नवऱ्याची शिक्षा लिहिलेली होती. आणि ती शिक्षा त्यांच्यामुळे लागली होती.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या श्रावणात मैनाबाईंनी नेम धरला होता: रोज पहाटे देवापुढे एकशे आठ फुलवाती लावायच्या, त्या संपेपर्यंत आसन सोडायचं नाही. नेम त्यांना नवा नव्हता. तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, दारातल्या गाईला पहिली पोळी, हे लहानपणापासूनचं. भंडाऱ्याकडच्या गावात चौथीपर्यंत शिकल्या ते पोथी वाचण्यापुरतं पुरलं होतं. पण एकशे आठ वाती म्हणजे वेळ लागतो. पावसाळी हवेत वात धरत नाही, तूप थिजतं. मारोतरावांची सकाळची शिफ्ट. प्लांटचा भोंगा झाला की माणूस गेटच्या आत पाहिजे. आणि त्या महिन्यात तीन वेळा असं झालं की भोंगा वाजला तेव्हा मारोतराव घरात डब्याची वाट बघत उभे होते.

 तिसऱ्या वेळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"काय म्हणे साहेब?" मैनाबाईंनी संध्याकाळी विचारलं.

"काय म्हणंल? टायमावर येत जा म्हणे."

"अजून?"

"चहा दे."

महिना संपला. पे-स्लिप तारेला लागली. मारोतराव शाळेची दुसरी अर्ध्यावर सोडून गुरं राखायला गेलेले. आकडे ओळखत, सही करत, पण अक्षरांशी त्यांची फारशी ओळख नव्हती. मैनाबाई मात्र दर महिन्याला तो कागद पोथीसारखा बोट ठेवून वाचत. स्लिपवर इंग्रजीखाली हिंदीत लिहिलेलं असे, आणि हिंदीची अक्षरं तीच. त्या महिन्यात कटौतीच्या, म्हणजे कपातीच्या, बाजूला एक नवी ओळ होती. पूर्वी कधी नव्हती ती.

शिक्षा उपकर. बावीस रुपये.

त्यांचं बोट तिथंच थांबलं.

भिलाईत येऊन तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. शाळेच्या पाटीवर लिहिलेली शिक्षा म्हणजे पढाई, हे त्यांना रस्त्यात कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पण पाटीवरची शिक्षा हिंदी होती. नवऱ्याच्या पगारातून कापलेली शिक्षा त्यांना मराठीच वाटली. भीती माणसाला मायबोलीतच वाटते. आणि उपकर हा शब्द त्यांना माहीतच नव्हता. काना राहून गेला असेल म्हणून त्यांनी तो उपकार वाचला. नोकरीवरून काढलं नाही, थोडक्या शिक्षेवर सोडलं, हा उपकार. इतकं सरळ होतं ते.

"हे कटून राहिलं, काय हो हे?" त्यांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं. शब्द वाचायची हिंमत झाली नाही.

मारोतरावांनी वाकून आकडा पाहिला. "ते होय? बाबारावले विचारलं म्या." बाबाराव म्हणजे पगाराच्या टेबलावरचे बाबू, आपल्याच भागातले. "लेकरांसाठी हाये म्हणे ते. कटू दे. सगळ्याईचंच कटून राहिलं. तू नको इचार करू."

मग खिशातली लाल पेन्सिल काढून त्यांनी त्या ओळीपुढे एक टिंब दिलं आणि कागद तारेला टोचला.

लेकरांसाठी. मैनाबाईंनी त्याचा अर्थ लावला तो असा: बाबारावांनी साहेबांपुढे हात जोडले असतील, की याच्या घरी लेकरंबाळं आहेत, काढू नका. आणि सगळ्याईचंच, म्हणजे याच्यामुळे सगळ्या टोळीलाच भोगावं लागलं. रात्रभर, नाही, कितीतरी दिवस त्यांना माणसांना तोंड दाखवायची लाज वाटली. शेवटी एका सोमवारी देवापुढे बसून त्यांनी शब्द दिला: "देवा, यायच्या कागदावरची शिक्षा सुटू दे. सुटली की लेकरायची एक पंगत बसवीन, गोडाची. तोवर माह्या तोंडाले गोड नाही."

वाती त्यांनी डबा भरून झाल्यावर लावायला सुरुवात केली. मारोतरावांना पुन्हा कधी उशीर झाला नाही. पण शिक्षा काही सुटली नाही. दर महिन्याला ती ओळ येई, दर महिन्याला मारोतराव पुढे लाल टिंब देत. पगार वाढला की तीही वाढे. तीन वर्षांनी तर तिच्याखाली आणखी एक ओळ आली, उच्च शिक्षा उपकर. आता उच्च! असं यांनी केलं तरी काय? विचारायचं म्हणजे त्यांच्या जखमेवर बोट ठेवायचं. त्यांनी विचारलं नाही. ते बोलले नाहीत. नवसाच्या वर्षीच झालेल्या राहुलच्या लग्नात मैनाबाईंनी बुंदी वाढली, खाल्ली नाही. वर्षभरानं नात झाली तेव्हा पेढे वाटले, खाल्ले नाहीत. घरात सगळे समजत की त्यांना शुगर आहे. एकदा राहुलनं जबरदस्तीनं तपासणी करवली तर डॉक्टर हसून म्हणाले, "शुगर एकदम नॉर्मल. माताजी, मिठाई खाओ." तरी त्यांनी खाल्ली नाही. मारोतराव शिक्षेसकट रिटायर झाले आणि सहा वर्षांनी तसेच गेले. नवस तेवढा मागे उरला. सुटायला आता माणूसच राहिला नव्हता, मग शिक्षा सुटणार कशी?

सामान आवरायच्या त्या दुपारी कबाडीवाला गेल्यावर मैनाबाई तांदूळ निवडत बसल्या. नात भूमिका खाटेवर पाय हलवत मोठ्यानं पाठ करत होती. तिचं डीएड झालं होतं आणि शिक्षक भरतीची परीक्षा जवळ आली होती.

"शिक्षा समवर्ती सूची में है. केंद्रांश साठ, राज्यांश चालीस. शिक्षा उपकर, सन दो हज़ार चार. शिक्षा उपकर से प्रारंभिक शिक्षा कोष..."

ताट हलकेच खाली टेकलं. "काय म्हणून राहिली तू?"

"पढून राहिली आजी. डिस्टर्ब नको करू."

"नाई. तो शब्द. शिक्षा उपकार."

"उपकार नाही व आजी, उपकर. शिक्षा उपकर. एज्युकेशन सेस. टॅक्सच्या वरचा टॅक्स. ज्याचा टॅक्स कटते त्याचा थोडासा अजून कटते, बच्चों की पढ़ाई के लिए. आजोबाचाबी कटत असंल."

मैनाबाई उठल्या. पेटी ओढली. एकवीस वर्षांपूर्वीची तार त्यांना हातानंच कळत होती. त्यांनी तो कागद भूमिकेपुढे धरला. बोट बरोबर त्या ओळीवर.

"हे?"

"हां, येच. शिक्षा उपकर, बावीस रुपये. देख, म्हणलं होतं ना?"

"ही शिक्षा... म्हणजे सजा नोहे?"

भूमिकेनं आधी आजीकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते काही आवरेना. "सजा! आजी, गव्हर्मेंट काय सगळ्या हिंदुस्थानाले सजा देऊन राहिली? अन् खाली उच्च शिक्षा आली तर तुले काय वाटलं, फाशी?" ती पोट धरून खाटेवर आडवी झाली. मग तिला आजीचा चेहरा दिसला. ती उठून बसली.

"आजी? काय झालं? आजी, तू रडून राहिली?"

मैनाबाईंनी त्या दुपारी पहिल्यांदा सगळं सांगितलं. वाती, भोंगा, केबिन, नवस, गोड. भूमिका ऐकता ऐकता खाटेवरून उतरून आजीशेजारी जमिनीवर येऊन बसली. रमा कधी येऊन दाराशी उभी राहिली ते कोणालाच कळलं नाही. मग भूमिकेनं तार उलगडून त्या वर्षाच्या सगळ्या स्लिपा फरशीवर मांडल्या आणि एकेक ओळ वाचत गेली.

"हे पाह्य. हजेरी पूर्ण. लेटचा एक रुपया नाही कटला. ना त्या महिन्यात, ना पुढच्या. आजोबाले कोणी काही नाही केलं, आजी. साहेब फक्त बोलला."

"एकबी रुपया नाही?"

"एकबी नाही." तिचं बोट लाल टिंबावर आलं. पुढच्या कागदावरही टिंब, त्याच्या पुढच्याही. "हे टिंब कोणं लावले?"

"तुह्या आजोबानं. मले वाटे, टोचते म्हणून लावतात." मैनाबाई थांबल्या. बाबारावांनी वाचून दाखवलेल्या सगळ्या ओळींमधून त्या माणसानं एकाच ओळीपुढे खूण केली होती, आणि तो माणूस दुसरी अर्ध्यावर सोडून गुरांमागे गेलेला होता. "लेकरांसाठी हाये म्हणले होते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "म्या आपलीच लेकरं समजली."

 मग मैनाबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "हे पैसे जातात कोठी?"

"दिल्ली. मग तिथून सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कोठी? मले दाखव."

"आजी, अशी कशी दाखवू? ते काय नळाचं पाणी हाये?"

"तू जेथी शिकवाले जात होती, त्या शाळेत येते?"

भूमिकेनं डीएडच्या वर्षात कॅम्प-१ मधल्याच एका सरकारी प्राथमिक शाळेत सराव केला होता. घरापासून चार गल्ल्या. मैनाबाई त्या शाळेवरून हजारदा गेल्या असतील, पण त्यांची मुलं प्लांटच्या शाळेत शिकली, म्हणून फाटकाच्या आत पाऊल कधी पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून, धुतलेलं लुगडं नेसून त्या निघाल्या. पे-स्लिप घडी करून चंचीत घेतली होती. शाळेच्या पायरीशी त्यांनी वाकून हात लावला तेव्हा भूमिका संकोचून इकडेतिकडे पाहू लागली.

शाळेच्या मुख्याध्यापिका वसुंधराबाई मूळच्या गोंदियाकडच्या. भूमिकेनं आजीचं येणं का ते थोडक्यात सांगितलं. शिक्षेचा गोंधळ ऐकून वसुंधराबाई हसल्या नाहीत.

"माझ्या आईनं माझी नोकरीची ऑर्डर पाहिली, तर 'शिक्षा विभाग' वाचून म्हणाली, पोरी, जेलमध्ये लागली का?" त्या म्हणाल्या. "या काकू, बसा. काय दाखवू?"

"काही नाही बाई. बावीस रुपये कोठी गेले ते पाहाचं होतं."

वसुंधराबाईंनी त्यांना व्हरांड्यातल्या भिंतीपाशी नेलं. शाळेचं नाव, खाली रंगानं लिहिलेला अकरा आकड्यांचा एक लांब नंबर.

"हा आमच्या शाळेचा नंबर. पाहा." त्यांनी तळहातानं बाकीचे आकडे झाकले. "पहिले दोन राज्याचे. बावीस म्हणजे छत्तीसगड."

"बावीस?" मैनाबाईंचा हात चंचीवर गेला.

"योगायोग आहे, आजी," भूमिका पटकन म्हणाली.

"असंल," मैनाबाई म्हणाल्या. पण हात तिथंच राहिला.

वसुंधराबाईंचा तळहात सरकत गेला. "हे दोन जिल्ह्याचे, आपल्या दुर्गचे. हे दोन ब्लॉकचे. हे तीन वॉर्डाचे. अन् हे शेवटचे दोन, ते फक्त आमचे. देशात पंधरा लाखांच्या आसपास शाळा आहेत. दोन शाळांचा नंबर सारखा नाही."

मैनाबाई त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. सत्यनारायणाला गुरुजी हातावर पाणी सोडायच्या आधी म्हणतात ते. आधी भरतवर्ष, मग दिशा, मग नदीचा कोणता काठ, मग गाव, मग कुळ, आणि सगळ्यात शेवटी यजमानाचं नाव. एवढ्या मोठ्या विश्वातून बोट धरून देवाला नेमकं या दारापर्यंत आणायचं, की बाबा, इथं, या माणसाच्या हातावर बघ.

"हा तर संकल्प हाये," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही, बाई. सांगा तुमी."

मग वसुंधराबाई सांगत गेल्या आणि मैनाबाई एकेका गोष्टीपाशी थांबत गेल्या. कपाटात पुस्तकं होती: रायपूरला छापलेली, लेकरांना फुकट. एका पोरीचा गणवेश वसुंधराबाईंनी हातात धरून दाखवला. कापड राज्यातल्या विणकरांच्या मागावरचं, शिवण बायांच्या गटाची. मास्तरांचा पगार राज्याचा. तांदळाची पोती केंद्राची. फोडणीचं तेल, दाळ, भाजी, मीठ दोघांचं मिळून, शंभरातले साठ तिकडचे, चाळीस इकडचे.

"अन् हे सगळं यायच्या बावीस रुपयातून?"

"नाही हो काकू. बावीस रुपये म्हणजे थेंब. तसे कोट्यवधी थेंब. अन् उपकर सोडून बाकीच्या टॅक्सातूनबी येतं. तुम्ही दुकानात साबणाची वडी घेता, त्यातूनही."

"म्या बी?"

"तुम्ही बी."

मैनाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. साबणाची वडी त्या नेहमी घासाघीस करून घेत.

"पण वर्ष सरलं की सरकारी पैसा परत जाते म्हणतात."

"बाकीचा जातो," भूमिका मध्येच म्हणाली. परीक्षेचं उत्तर तिच्या जिभेवर होतं. "उपकराचा कोष नॉन-लॅप्सेबल हाये. म्हणजे वर्ष संपलं तरी मरत नाही. राहते."

"मरत नाही," मैनाबाईंनी शब्द मनात ठेवून घेतला.

"सगळं असं सोन्यासारखं चालतं असं नका समजू हं," वसुंधराबाई म्हणाल्या. "मागच्या खोलीचं छत गळतं. मी शाळांच्या संकुलाला लिहिलं, संकुलानं ब्लॉकला लिहिलं, ब्लॉकनं जिल्ह्याला. आता कागद रायपूरच्या वाटेवर आहे आणि बादली खोलीत आहे." मैनाबाई हसल्या. देवळाचं छतही गळतं. म्हणून गाभारा कमी होत नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. लेकरं ताटल्या घेऊन व्हरांड्यात बसली. स्वयंपाकाच्या दोघी बाया भात वाढत गेल्या, वर दाळ, शेजारी भोपळ्याची भाजी. एका रांगेत कोणाकोणाची लेकरं होती! मजुराची, रिक्षावाल्याची, ठेल्यावर अंडी विकणाऱ्याची. कोणी छत्तीसगढीत भांडत होतं, कोणी तेलुगूत, कोणी ओडियात, आणि भाताच्या वाफेनं सगळ्यांचे चेहरे सारखेच ओले झाले होते.

"ती दोन वेण्यांची पोर पाहा," वसुंधराबाई म्हणाल्या. "तिचा बाप कामासाठी तिला घेऊन नागपूरला गेला. दोन वर्षांनी परत आला. पण पोरीचा नंबर तोच. चोवीस कोटींवर लेकरं आहेत देशात, त्यांनाही नंबर आहेत, शाळेसारखे. ती कुठंही गेली तरी हरवत नाही."

मग त्यांनी ताटल्या मोजल्या आणि मोबाइलवर काहीतरी टाकलं.

"हे काय?"

"आज किती जेवली ते. एकसष्ट. रोज पाठवावं लागतं."

"कोणाले?"

"रायपूरला. तिथून दिल्लीला."

"आज कॅम्प-एकमध्ये एकसष्ट लेकरं जेवली, हे दिल्लीले माहीत होते?"

"ज्याला पाहायचं त्याला दिसतं."

मैनाबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. एवढा मोठा देश, आणि त्यात कोणीतरी, कुठंतरी, या व्हरांड्यातल्या ताटल्या मोजून घेतं. रोज. त्यांच्या देवघरातल्या एकशे आठ वाती त्या मोजून लावत. इथं पंधरा लाख वाती होत्या, आणि मारोतराव दर महिन्याला न चुकता, लाल टिंब देऊन, त्यांच्यात बावीस रुपयांचं तूप घालत होते. जिथं त्यांनी स्वतः कधी पाऊल ठेवलं नाही अशा शाळेसाठी. अंगावर काटा आला तो त्यांनी पदरानं झाकला.

"बाई," त्या म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाले येथी लेकरायले काही खाऊ घालता येते? का सरकारची मनाई?"

"मनाई कशाला? न्योता भोज म्हणतात आमच्याकडे. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाची आठवण असते. आदल्या दिवशी सांगायचं, ताजं आणायचं, सगळ्यांना सारखं वाढायचं. एवढंच. कधी करता?"

"सोमवारी."

"काय निमित्त लिहू?"

मैनाबाईंनी नातीकडे पाहिलं. भूमिकेनंच वाकून वहीत लिहिलं. आजीनं ते बोट ठेवून वाचलं: स्व. मारोतराव यांची शिक्षा सुटली म्हणून.

"हिंदीतून वाचलं तर चुकीचं होते व," त्या म्हणाल्या.

"मग मराठीतून वाच," भूमिका म्हणाली.

रविवारी संध्याकाळी घरात बेसन भाजल्याचा वास पसरला. अर्धं सामान बांधलेलं, अर्धं फरशीवर, आणि मधोमध मोठी कढई. रमा भाजत होती, मैनाबाई पाटावर बसून लाडू वळत होत्या. एकसष्ट लेकरं, चार मास्तर, दोघी स्वयंपाकाच्या बाया आणि चुकून कोणाचं धाकटं भावंड आलं तर म्हणून दहा वरचे. भूमिका मोजत होती आणि मध्येच एक तोंडात टाकत होती.

"सारखं वाढायचं हाये म्हणलं ना बाईनं," रमा ओरडली. "तुह्या एकटीचं काय न्योता भोज हाये?"

"टेस्ट करून राहिली, मम्मी. आजी तर करणार नाही."

रमानं एक लाडू वाटीत ठेवून सासूपुढे सरकवला. लग्नापासून जिच्या शुगरवर ती कडू काढे उकळत आली होती, त्या सासूकडे ती आता काय नजरेनं पाहावं हे न कळून पाहत होती. "आई, आता तर सुटली ना बाबाची शिक्षा. घ्या."

"लागलीच नोहती, तर सुटंल कशी?" मैनाबाई हसल्या. वाटी त्यांनी परत सरकवली. "पण पंगत बोललेली हाये. ते उठू दे जेवून. मंग खाईन. झाकून ठेव माह्यासाठी."

सोमवारी पहाटे त्यांनी वाती लावल्या. पेटीतून तारा काढून पद्मनाभपूरच्या सामानात, देव्हाऱ्याच्या डब्याशेजारी ठेवल्या. रमानं स्वतःच त्यांना जुनं धोतर गुंडाळून दोरी बांधली आणि वर पेननं लिहिलं, फेकू नये.

भूमिका स्कूटीची चावी घेऊन दारात आली. "चल आजी, दोन मिनिटांत सोडतो. डबा किती जड हाये!"

"तू ये मागून घंटेच्या टायमाले. म्या पायी जातो."

"पायी? चार गल्ल्या? कावून?"

"नवस फेडाले गाडीवर नाही जात, माय," मैनाबाई म्हणाल्या. चंचीत ती पहिली पे-स्लिप आहे ना, हे एकदा चाचपून पाहिलं, डबा कडेवर लेकरासारखा घेतला आणि चपला पायरीजवळच ठेवून त्या गल्लीत उतरल्या.